झिंक फेराइटची पावडर चुंबकाला का चिकटते? (नॅनोकणांतला चुंबकीय क्रम)

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. भौतिकशास्त्रात पीएचडीचं काम करायलोय, विषय झिंक फेराइटचे, म्हणजे झिंक आणि लोहाच्या मिश्र ऑक्साइडचे, नॅनोकण. सायट्रिक अ‍ॅसिड घेऊन सोल-जेल ऑटो-कम्बशननं (नायट्रेटांचं जेल करून ते पेटू देण्याच्या रीतीनं) पावडर केली आणि ५०० °से.ला भाजली. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) स्पिनेलचे, म्हणजे फेराइटच्या स्फटिकरचनेचे, सगळे पीक आले. हेमाटाइट (तांबूस लोह ऑक्साइड) दिसत नाही. ३११ च्या पीकवरून शेररच्या सूत्रानं (पीक जितका रुंद तितका कण लहान) आकार १२ नॅनोमीटरच्या आसपास येतो.

अडचण पुढं आहे. पुस्तकात झिंक फेराइट म्हणजे साधारण १० केल्विनखाली अँटिफेरोमॅग्नेटिक (शेजारचे स्पिन, म्हणजे आयनांची छोटी चुंबकं, उलटसुलट, बेरीज शून्य), त्याच्या वर पॅरामॅग्नेटिक (स्पिन विस्कळीत, क्रम नाही). म्हणजे खोलीच्या तापमानाला त्यानं चुंबकाकडं फारसं ढुंकूनही बघायला नको. पण माझी पावडर, कुपीला बाहेरून निओडिमियमचा चुंबक लावला की काचेवर चढून येते आणि चुंबक सरकवला की मागं मागं सरकते. व्हीएसएमचा (चुंबकन मोजणाऱ्या यंत्राचा) वक्र मधे एकदम उभा चढतो, मग वाकतो, आणि १५ किलो-ओर्स्टेडलाही पूर्ण सपाट होत नाही. तिथं चुंबकनाची किंमत ८ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक) प्रति ग्रॅम. कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलट क्षेत्र) नसल्यातच जमा.

'फेरोमॅग्नेटिक वर्तन दिसते' असं लिहून पुढं जा, असा सल्ला मिळालाय. मन मानेना. ह्या ८ ईएमयूचं मूळ नेमकं कशात आहे, हे कसं शोधायचं?

सातारा_डोंगर (छत्रपती संभाजीनगर)

मन मानत नाही ते बरोबरच आहे. फेराइट हा आपल्या मराठवाड्यातल्या प्रयोगशाळांचा जुना विषय, अनेकांची उमेदीची वर्षं त्यात गेली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात कणाच्या आकारापासून करू नका. आधी बघा की कुठला आयन कुठं बसलाय. स्पिनेलमध्ये धातूच्या आयनांना दोन तऱ्हेच्या जागा मिळतात. चार ऑक्सिजनांच्या मधली ए जागा आणि सहा ऑक्सिजनांच्या मधली बी जागा. शेजारचे दोन लोह आयन एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मधल्या ऑक्सिजनमार्फत बोलतात. ए–ऑक्सिजन–बी हा कोन सव्वाशे अंशांच्या आसपास, त्यामुळे तिथली जोडणी जबर आणि दोन्हीकडचे स्पिन उलट दिशांना. बी–ऑक्सिजन–बी हा कोन ९० अंशांच्या जवळ, तिथली जोडणी दुबळी.

मॅग्नेटाइटचा हिशेब करून बघा. ए जागेवर एक फेरिक आयन, ५ बोर मॅग्नेटॉन (आयनाच्या चुंबकत्वाचं एकक). बी जागांवर एक फेरिक ५ आणि एक फेरस ४, मिळून ९. दोन्ही बाजू उलट, उरले ४. मोजून येतात ४.१. लुई नेएलनं १९४८ साली फेरिमॅग्नेटिझमची ही मांडणी केली, १९५१ मध्ये शल आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन विवर्तनानं मॅग्नेटाइटमध्ये ती प्रत्यक्ष पडताळली. नेएलना १९७० चं नोबेल मिळालं, शलना १९९४ चं.

आता तुमचं झिंक फेराइट. झिंकला स्वतःचं चुंबकत्व शून्य, आणि त्याला ए जागा आवडते. मोठ्या स्फटिकात सगळं झिंक ए वर आणि सगळं लोह बी वर. म्हणजे जबर जोडणीचा एक पायच गेला. उरली दुबळी बी–बी जोडणी, म्हणून १० केल्विनपर्यंत कसलाच लांब पल्ल्याचा क्रम नाही. पुस्तक बरोबरच सांगतं.

ऑटो-कम्बशनमध्ये मात्र जेल पेटतं आणि काही क्षणांत विझतं. आयनांना आपापली जागा शोधायला सवड मिळत नाही. थोडं झिंक बी वर जाऊन बसतं आणि तेवढंच लोह ए वर येतं. ए वर लोह आलं की त्याच्या भोवतीच्या बी वरच्या लोहांशी जबर जोडणी लगेच सुरू. खोलीच्या तापमानाला दिसणारं तुमचं चुंबकत्व बहुधा ह्या अदलाबदलीचं आहे. आकार लहान असणं ही त्याला पोषक परिस्थिती. कारण अदलाबदल.

गोदातीर (नांदेड)

सरांचं म्हणणं मान्य, पण त्याआधी एक दार बंद करायला हवं. मी रसायनशास्त्रात, सह-अवक्षेपण आणि सोल-जेल दोन्ही करते. पावडरमध्ये मॅगेमाइट किंवा मॅग्नेटाइट (दोन्ही जोरदार चुंबकीय लोह ऑक्साइडं) नाही हे कशावरून ठरवलंत?

हेमाटाइट दिसत नाही एवढ्यानं भागत नाही. मॅगेमाइट आणि मॅग्नेटाइट दोन्ही स्पिनेलच, पीक जवळजवळ त्याच जागी. आकडे बघा. झिंक फेराइटचा लॅटिस स्थिरांक ८.४४ अँगस्ट्रॉम, मॅगेमाइटचा ८.३५. कॉपरच्या किरणांनी ३११ चा पीक पहिल्याचा ३५.२४ अंशांवर, दुसऱ्याचा ३५.६३ वर. अंतर ०.४ अंशही नाही. आणि १२ नॅनोमीटरच्या कणामुळे तुमच्या पीकची स्वतःची रुंदी ०.७ अंशांच्या घरात जाते. थोडं मॅगेमाइट त्या रुंद पीकच्या पोटात सहज लपेल.

ठोकळ मॅगेमाइटचं संपृक्त चुंबकन ७६ ईएमयूच्या आसपास. म्हणजे ८ ईएमयू नुसत्या अशुद्धीतून यायचे तर वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त मॅगेमाइट लागेल. तेवढं असेल तर ३११, ५११, ४४० हे पीक उजवीकडे कलते दिसतील. रिटवेल्ड (सगळ्या पीकांवर एकदम रचना बसवून बघण्याची पद्धत) करून बघाच. तीन-चार टक्के असलं तर मात्र एक्सआरडीच्या भरवशावर राहू नका.

इंधन किती घेतलंत? सायट्रिक जास्त झालं की जळताना ऑक्सिजन कमी पडतो आणि थोडं लोह फेरस होतं. जळाल्यावरची राख काळी होती की तपकिरी, तेही सांगा.

मांजराकाठ

मॅडम, नायट्रेट आणि सायट्रिक १:१ मोल, पीएच अमोनियानं ७ केला होता. राख गडद तपकिरी होती, भाजल्यावर विटकरी झाली. रिटवेल्ड करतो.

भाजण्याचं तापमान वाढवत नेलं तर उत्तर मिळेल का? ८००, ९०० ला भाजून चुंबकत्व उतरलं तर अदलाबदल होती असं म्हणता येईल?

गोदातीर

एवढ्यावर नाही. ह्या जागी पुष्कळ लोक घाई करतात. तापवल्यावर झिंक ए वर परत जातं, चुंबकत्व उतरतं, खरं आहे. पण मॅगेमाइट असलं तर तेही तापवल्यावर हेमाटाइट होतं आणि चुंबकत्व तेव्हाही उतरतं. दोन्ही गोष्टींचा आलेख सारखाच दिसेल.

फरक दिसेल तो ३३.२ अंशांवर. हेमाटाइटचा १०४ चा पीक तिथं येतो आणि स्पिनेलचा तिथं एकही नाही. भाजलेल्या प्रत्येक नमुन्याचं ३२ ते ३४ अंशांचं स्कॅन अगदी सावकाश घ्या, एका टप्प्याला दहा-पंधरा सेकंद. चुंबकत्व उतरलं आणि तिथं काहीच उगवलं नाही, तर सरांच्या बाजूनं पारडं चांगलंच झुकतं.

बालाघाट (मूळ बीड, सध्या इंदूर)

सरांना आणि मॅडमना नमस्कार. मांजराकाठ, कोअर्सिव्हिटी नाही आणि वक्र सपाट होत नाही, ह्या दोन खुणा वेगवेगळ्या सोडवा.

कोअर्सिव्हिटी नाही, कारण कण सुपरपॅरामॅग्नेटिक आहेत. कणाच्या आत क्रम शाबूत असतो, हजारो स्पिन एकमेकांशी बांधलेले. पण कण एवढा लहान की खोलीतली उष्णताच त्या अख्ख्या गठ्ठ्याला एका सोप्या दिशेवरून दुसरीवर उलटवत राहते. कणाची अनिसोट्रॉपी ऊर्जा (चुंबकन सोप्या दिशेवरून वळवायला लागणारी), म्हणजे स्थिरांक गुणिले आकारमान, औष्णिक ऊर्जेच्या २५ पटींहून कमी असली तर शंभर सेकंदांच्या मोजमापात चुंबकत्व टिकलेलं दिसत नाही. ह्या २५ मध्ये जादू काही नाही. शंभर सेकंद भागिले १०⁻⁹ सेकंद, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम.

त्यातून ३०० केल्विनला मॅग्नेटाइटसाठी २६ नॅनोमीटरच्या आसपासची सीमा येते, अनिसोट्रॉपी १.१ × १०⁴ ज्यूल प्रति घनमीटर धरली तर. कोबाल्ट फेराइटची अनिसोट्रॉपी त्याच्या जवळजवळ वीसपट, म्हणून तिथं सीमा १० नॅनोमीटरवर. १२ नॅनोमीटरचं कोबाल्ट फेराइट लूप (क्षेत्र चढवताना आणि उतरवतानाच्या वक्रांमधला फुगवटा) उघडेल आणि त्याच आकाराचं मॅग्नेटाइट मिटलेलं राहील. दोघांचाही आतला क्रम शाबूत. लूप उघडं की बंद, ह्यावरून क्रम आहे की नाही ठरत नाही. तुमच्या प्रबंधात हे वाक्य ठळक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी खूण, वक्र सपाट न होणं. ती पृष्ठभागाची. कडेच्या आयनांचे शेजारी ऑक्सिजन तुटलेले असतात, जोडण्या अर्ध्या. तिथले स्पिन वाकडे राहतात आणि मोठ्या क्षेत्रालाही पुरते वळत नाहीत. कोई ह्या शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये ६ नॅनोमीटरच्या मॅगेमाइटवर मॉसबाउअरनं (लोहाच्या केंद्रकाच्या गॅमा-किरण वर्णपटानं) हे दाखवलं. ५ टेस्लाचं क्षेत्र लावूनही स्पिन पूर्ण समांतर झाले नाहीत.

सातारा_डोंगर

बालाघाटनं नेमक्या जागी बोट ठेवलं. त्यात भर घालतो.

पृष्ठभागाचा हा थर चुंबकनाला फारसा हातभार लावत नाही असं धरलं, तर गोल कणासाठी सोपा हिशेब आहे. मूळ चुंबकन गुणिले (१ वजा ६ गुणिले थराची जाडी भागिले व्यास). जालन्याच्या मोसंबीचं आहे तसंच, साल तेवढीच जाड पण फळ लहान, तर हाताशी गर कमी येतो. मॅग्नेटाइटचं ९२ ईएमयू घ्या, कण १० नॅनोमीटरचा. थर अर्धा नॅनोमीटर असेल तर ६४ उरतात. थर एक नॅनोमीटर झाला तर ३७. नॅनो मॅग्नेटाइटला ९२ का आले नाहीत, असा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो, त्याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं म्हणजे वजनात धरलं गेलेलं पाणी आणि सायट्रेट. टीजीए (तापवत जाताना वजन मोजणं) करून ते वजा करायला विसरू नका.

झिंक फेराइटमध्ये मात्र कणाच्या पोटातले स्पिनही वाकडे असू शकतात. निकेल-झिंक फेराइटचा जुना आलेख आठवा. निकेलच्या जागी झिंक घालत गेलं की चुंबकन आधी वाढतं, कारण ए बाजू हलकी होते. कोरा हिशेब २ अधिक ८ गुणिले झिंकचं प्रमाण, म्हणजे शुद्ध झिंक फेराइटला १० बोर मॅग्नेटॉन यायला हवेत. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास झिंक झालं की आलेख खाली वळतो. ए वरचं लोह कमी झाल्यावर बी वरच्यांना एका दिशेत धरून ठेवणारं कुणी उरत नाही, ते एकमेकांशीच भांडून तिरपे होतात. याफेट आणि किटेल यांनी १९५२ मध्ये ही कोनाची मांडणी केली. म्हणून ८ ईएमयूवरून थेट अदलाबदलीचा आकडा काढू नका. सरळ रेषेतले स्पिन धरून काढलेला तो आकडा चुकीचाच येईल, आणि असे आकडे छापले जातात ह्याचं मला वाईट वाटतं.

तेरणा (धाराशिव)

मी शाळेत विज्ञान शिकवतो. धागा पहिल्यापासून वाचतोय, सगळं कळलं असं नाही, पण सोडवतही नाही. पावसानंतर ओढ्याच्या वाळूत मुलं चुंबक फिरवतात तेव्हा काळी कुसळं चिकटून येतात. तेही हेच का?

बालाघाट

गुरुजी, पदार्थ त्याच घराण्यातला, आकार निराळा. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात टायटॅनियम मिसळलेलं मॅग्नेटाइट असतं. खडक झिजला की ते दाणे ओढ्यात येतात. चुंबकाला चिकटणारा डोळ्यानं दिसणारा दाणा नॅनोकणाच्या हजारो पट मोठा आणि आतून अनेक डोमेनमध्ये (एकेका दिशेच्या चुंबकनाच्या तुकड्यांत) विभागलेला. त्याच पाषाणात बारीक, एकाच डोमेनचे कणही असतात. तुमच्या प्रश्नाचं खरं मोल त्यांच्यात आहे.

मघाचं सूत्र घ्या. मॅग्नेटाइटचा २६ नॅनोमीटरचा कण आपली दिशा सव्वा मिनिटभर धरतो. बाकी काही न बदलता व्यास ३१ नॅनोमीटर करा, तोच काळ काही दशकांवर जातो. ३४ केला तर दोन कोटी वर्षांच्या पुढे. ३५ केला तर विश्वाच्या वयाशी तुलना करावी लागेल इतका. व्यासात नऊ नॅनोमीटरचा फरक, बस्स. आकारमान व्यासाच्या घनानं वाढतं आणि काळ आकारमानाच्या घातांकानं.

म्हणूनच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यानं थंड होताना धरलेली पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्या खडकात अजून वाचता येते. १९५० च्या दशकात ती मोजली गेली तेव्हा दिसलं की ह्या खडकांचे बरेच थर आजच्या उलट ध्रुवांच्या काळातले आहेत, आणि भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

तेरणा

वाचून अंगावर काटा आला. वेरूळची लेणी ह्याच पाषाणात. सोमवारी वर्गात सांगतो.

सातारा_डोंगर

गुरुजी, तुमच्याच जिल्ह्यातलं आणखी एक सांगतो. नेएलनं १९४९ मध्ये बारीक कणांच्या ह्या विश्रांतिकाळाचं गणित मांडलं तेव्हा त्याच्यासमोर खडकांइतकीच भाजलेली माती होती. मातीचं भांडं भट्टीत तापतं तेव्हा मातीतल्या लोहाचे बारीक ऑक्साइड कण तयार होतात. भट्टी निवताना प्रत्येक कण आपापल्या तापमानाला गोठतो आणि त्या वेळचं क्षेत्र, गॉसच्या निम्म्याहूनही कमी, धरून ठेवतो. तेरच्या संग्रहालयातल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती मुलांना दाखवाल तेव्हा हेही सांगा. त्या तांबूस मातीत हेमाटाइट आहे, आणि हेमाटाइटला स्वतःचा अगदी दुबळा पण चिवट चुंबकीय क्रम असतो. दोन उलट स्पिनमाळा किंचित कललेल्या, म्हणून थोडं शिल्लक राहतं. थंड करत नेलं की २६० केल्विनच्या आसपास, मोरिन संक्रमणात, तो कल जातो. आणि हेमाटाइटचा कण वीसेक नॅनोमीटरच्या खाली गेला की हे संक्रमणच सापडत नाही.

गोदातीर

मूळ प्रश्नाकडे येण्याआधी जरा वेगळं, कारण नवी मुलं हा धागा वाचतील. माझ्या ओळखीतले दोघे-तिघे झिंक ऑक्साइड आणि सिरियम ऑक्साइड करतात. ह्यांत चुंबकीय आयनच नाही आणि तरी खोलीच्या तापमानाला बारीक लूप येतो. २००६ मध्ये बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी सिरियम, झिंक, इंडियम, टिन, अ‍ॅल्युमिनियम अशा ऑक्साइडांच्या नॅनोकणांत हे नोंदवलं आणि पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांकडे बोट दाखवलं. विषय खरा आणि महत्त्वाचा आहे. पण ह्या लूपची उंची ग्रॅममागे एक हजारांश ईएमयूच्या पातळीची असते. लोहाचं चुंबकन २१८. म्हणजे दशलक्षात पाच भाग लोह मिसळलं तरी तोच लूप मिळेल. १० मिलिग्रॅमच्या नमुन्यात तेवढं लोह म्हणजे मायक्रोग्रॅमचा विसावा हिस्सा. स्टीलचा चिमटा, स्टीलचा स्पॅच्युला, खलबत्ता, कुठूनही येईल. हॅफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरांबाबत २००५ मध्ये हेच दाखवलं गेलं, चुंबकत्व पोलादी चिमट्याच्या स्पर्शातून आलं होतं.

म्हणून ह्या मुलांना एवढंच सांगते, प्लास्टिकचा चिमटा, रिकाम्या होल्डरचं मोजमाप वजा, आणि आयसीपीवर (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) लोहाची तपासणी. ह्यातलं एक जरी राहिलं असेल तर तो लूप छापू नका.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. माझे ८ ईएमयू एवढ्या अशुद्धीतून येणं अवघड, हे कळलं. रिटवेल्ड केलं. लॅटिस स्थिरांक ८.४३ येतोय, पीक सममित आहेत, कल नाही. ८०० ला भाजलेल्या नमुन्याचं सावकाश स्कॅन घेतलं, ३३.२ अंशांवर काही उगवलं नाही. चुंबकत्व मात्र चांगलंच उतरलं आणि वक्र जवळजवळ सरळ रेषा झालाय.

आता पुढं काय मोजू? आमच्याकडं द्रव हेलियम नाही.

बालाघाट

सुंदर. आता अर्जाला लागा. इथं इंदूरला यूजीसी-डीएई संकुल विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच आहे. कमी तापमानाची चुंबकीय मोजमापं आणि मॉसबाउअर दोन्ही इथं होतात. मागायचं काय ते नीट लिहा.

एक, झेडएफसी-एफसी (क्षेत्राशिवाय आणि क्षेत्रात थंड करून घेतलेली मोजमापं), कमी क्षेत्रात, ५ ते ३०० केल्विन. क्षेत्राशिवाय थंड करून मोजलेल्या वक्राचा माथा कुठं येतो ते बघा. एफसीचा वक्र थंडीकडे चढत गेला तर कण बहुतेक सुटे, सपाट पडला तर ते एकमेकांना धरून आहेत. तुमची कोरडी पावडर आहे, सपाट पडण्याचीच शक्यता जास्त. त्यामुळे माथ्यावरून थेट अनिसोट्रॉपी काढू नका.

दोन, मॉसबाउअर. खोलीच्या तापमानाला दोन रेषाच दिसतील, पॅरामॅग्नेटिक असो की सुपरपॅरामॅग्नेटिक, कारण ह्या मोजमापाची खिडकी १०⁻⁸ सेकंदांच्या आसपासची. ५ केल्विनला सहा रेषा येतील. पण ए आणि बी वरचं लोह वेगळं करायचं तर बाहेरून मोठं क्षेत्र लावलेलं मोजमाप मागा. क्षेत्रात एका जागेच्या रेषा पसरतात, दुसरीच्या आक्रसतात, आणि मग दोघांचं प्रमाण मोजता येतं. दुसऱ्या व पाचव्या रेषा पुरत्या मावळल्या नाहीत तर स्पिन वाकडे आहेत हेही त्याच चित्रात दिसेल.

सातारा_डोंगर

न्यूट्रॉनचाही विचार ठेवा. एक्स-किरणांना लोह आणि झिंक जवळजवळ सारखेच दिसतात, २६ आणि ३० इलेक्ट्रॉन. न्यूट्रॉनला लोह ९.४५ फेम्टोमीटर आणि झिंक ५.६८ दिसतं, फरक ठसठशीत. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर विवर्तनाची सोय आहे आणि ह्याच संकुलाच्या मुंबई केंद्रामार्फत विद्यापीठांना तिथं काम करता येतं. पावडर मात्र ग्रॅमांत लागते, मिलिग्रॅममध्ये भागत नाही. म्हणून आता एकाच घाणात भरपूर करून ठेवा. पुन्हा केलेल्या घाणात आयन तसेच बसतील ह्याची खात्री नसते.

तोवर प्रबंधात लिहा की '१२ नॅनोमीटरचे कण, अंशतः अदलाबदल झालेलं झिंक फेराइट, खोलीच्या तापमानाला सुपरपॅरामॅग्नेटिक प्रतिसाद, पृष्ठभागावरील स्पिन तिरपे असण्याची शक्यता'. आज हातात असलेल्या पुराव्यावर एवढंच उभं राहतं.

मांजराकाठ

सर, तसंच लिहितो. बालाघाट दादा, मॉसबाउअरला पावडर किती पाठवू?

बालाघाट

नमुना पातळ लागतो, दर चौरस सेंटीमीटरला लोह १० मिलिग्रॅमच्या आत. झिंक फेराइटच्या वजनात लोह सुमारे ४६ टक्के, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला २० मिलिग्रॅमच्या आसपास पावडर. तरी २०० मिलिग्रॅम पाठवा, तीच पावडर झेडएफसीलाही वापरता येईल. ५०० आणि ८०० चे दोन्ही नमुने पाठवा, कुप्या प्लास्टिकच्या घ्या आणि भाजण्याचं तापमान झाकणावर नको, कुपीवर लिहा. झाकणं अदलाबदल होतात.